विमान उतरलं, आता पुढं कशानं जायचं?

१६ एप्रिल २०२५ च्या दुपारी आमच्या गावातली निम्मी पोट्टी स्लॅबवर चढून बसली होती. ऊन असं की स्लॅबवर चप्पल घातल्याशिवाय पाय ठेवता येत नाही, आणि मोठ्या मायनं तिथंच कुरड्या वाळू घातल्या होत्या, ती ओरडून राहिली की बाप्पा तुडवू नका रे, पण ऐकते कोण. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचं विमान येणार होतं, तिकीट काढून कोणालाही बसता येईल असं पहिलं विमान, मुख्यमंत्री उपमुख्यमंत्री केंद्रीय मंत्री सगळे तिथं. पोट्ट्यांना आवाज आला, मग दिसलं, मग दिसेनासं झालं. मोठ्या मायनं डोळ्यावर हात धरून पाहिलं आणि विचारलं, "उतरलं ना? मंग आता तिथून लोकं घरी कशानं जातीन?"

सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर वर्षभर ह्या विमानतळावरून जेवढे वाद ऐकले, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर, त्यात तिच्या प्रश्नाच्या जवळपासही कोणी गेलं नाही. वाद दोनच प्रकारचे. एक म्हणतो, बघा विदर्भ आता बदलला. दुसरा म्हणतो, इथं कापसाला भाव नाही, वावराला पाणी नाही आणि तुम्हाला विमान सुचून राहिलं. दुसऱ्या गटात मीही बरीच वर्षं होतो. सिंचनाचा अनुशेष, म्हणजे बाकी राज्याच्या मानानं आमच्याकडं राहून गेलेलं पाण्याचं काम, हा शब्द आम्ही शाळेपासून ऐकतो, १९८४ च्या दांडेकर समितीपासूनचा आहे तो, त्यामुळं विमानाला शिव्या घालणं सोपं जातं. पण विमानतळ झाला नसता तर तोच पैसा आमच्या कालव्यात आला असता असं मला आता तरी वाटत नाही, तसा तो कधी आलेला दिसला नाही. म्हणून तो वाद मी सोडला. माझं म्हणणं वेगळं आहे: विमानतळ हवा की नको हा प्रश्न संपला, तो झालाय, आता तो कोणाच्या कामाचा ठरणार हे धावपट्टीवर नाही ठरत, फाट्यावर ठरतं.

आधी थोडा इतिहास, कारण लोकांना वाटतं बेलोऱ्याचा विमानतळ आत्ता झाला. तो १९९२ चा आहे. सार्वजनिक बांधकाम विभागानं बांधलेली पट्टी, लांबी १,३७२ मीटर. तेव्हापासून २०२५ पर्यंत ३३ वर्षं ती आम्ही पाहत आलोय. आमच्यासाठी विमानतळ म्हणजे काय होतं, तर एखाद्या दिवशी फाट्यावर पोलीस दिसायचे, बैलगाड्या बाजूला घ्यायला लावायचे, मग धुरळा उडवत पांढऱ्या गाड्या जायच्या आणि कळायचं की कोणीतरी साहेब येऊन राहिले. निवडणुकीत जास्त. एकदा आमच्या वर्गातल्या पोट्ट्यानं पैज लावली होती की विमानाला रिव्हर्स गिअर असतो, आणि ते बघायला चौघं जण शाळा बुडवून तारेच्या कुंपणापाशी दिवसभर बसले, विमान काही आलं नाही, मार मात्र घरी बरोबर आला. तेहेतीस वर्षं जी पट्टी जनतेच्या पैशानं ठेवली तिच्यावर जनतेचा संबंध एवढाच.

नंतर पट्टी १,८५० मीटर केली. त्यामागं साधं कारण आहे. एटीआर ७२ हे पंखेवालं विमान, ७० च्या आसपास सीट, ते छोट्या पट्टीवर चालतं म्हणूनच छोट्या गावांना तेच मिळतं. पण हवा तापली की पातळ होते, विमानाला उचल कमी मिळते, मग पट्टी लांब तरी लागते नाहीतर माणसं नि सामान कमी तरी करावं लागतं. आणि आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला सहज टेकतो. म्हणजे ज्या गरमीनं मोठ्या मायच्या कुरड्या एका दिवसात वाळतात तीच गरमी पट्टीची लांबी वाढवून मागते. हे कोणी भाषणात सांगत नाही, भाषणात फक्त 'विस्तारीकरण' असतं.

विदर्भात अशा पट्ट्या बेलोऱ्याच्याही आधीपासून पडून आहेत. गोंदियाजवळची बिरसी १९४० ची, अकोल्याची शिवणी १९४३ ची, दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, इंग्रजांच्या. त्यांना लढाईसाठी पट्टी हवी होती, त्यांनी केली. अकोल्याची पट्टी वाढवायची तर शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन, त्या जमिनीच्या फायली किती वर्षं फिरल्या ते अकोलेकरांना विचारा, अमरावतीला विमान सुरू झालं त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. यवतमाळची तर और कथा. २००९ साली राज्यानं नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव आणि यवतमाळ असे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिले. ९५ वर्षं! आमच्याकडं वावर ठोक्यानं देतात तेही एका हंगामाचं. एवढं करून यवतमाळहून रोजचं प्रवासी विमान काही सुरू झालं नाही.

बिरसीचा किस्सा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. प्रफुल्ल पटेल गोंदियाचे, २००४ ते २०११ देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री. त्या काळात बिरसीची पट्टी मोठी झाली, विमानतळ प्राधिकरणाकडं गेली, वैमानिक शिकवणारी संस्था आली. म्हणजे देशाचा विमानमंत्री तिथला, पट्टी अशी की मोठं विमान उतरेल, आणि तरी गोंदियाच्या माणसाला तिकीट काढून विमानात बसायला मार्च २०२२ उजाडला. इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू झाली, काही महिन्यांत बंद पडली. मग डिसेंबर २०२३ ला दुसऱ्या कंपनीनं हैदराबादचं विमान आणलं. ह्यातून मी एवढंच शिकलो की मंत्री आपला असला की सिमेंट येतं, पण विमान रोज यायला सिमेंट पुरत नाही.

मग काय लागतं? ह्याचं उत्तर आपल्या विदर्भातच आहे, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चार दिशांनी चार विमानं संध्याकाळनंतर निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र जमायची, देशाच्या मधोमध म्हणून नागपूर. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, थोडे प्रवासीही इकडचे तिकडं, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. डाकोटा विमानं होती ती, लढाईतून उरलेली. त्याच वर्षी सरकारनं ठरवलं की साधं देशांतर्गत पत्रही जादा पैसे न घेता विमानानं न्यायचं. म्हणजे कलकत्त्याच्या गिरणीत काम करणाऱ्या एखाद्या माणसाचं पत्र विमानानं नागपूर, तिथून रेल्वेनं बडनेरा, तिथून मोटारीनं तालुक्याला आणि शेवटी पोस्टमनच्या सायकलवरून आमच्यासारख्या गावात. घेणाऱ्यानं जन्मात विमान पाहिलेलं नाही, पण विमान त्याच्या कामाला आलं. का आलं? कारण विमानाच्या मागं अख्खी साखळी होती आणि शेवटची कडी सायकलवर बसलेली होती. आज आपल्याकडं विमान आहे आणि सायकलवाला नाही, माझी तक्रार अख्खी ह्या एका वाक्यात आहे.

शकुंतलेचंही तसंच. इंग्रजांनी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ती छोटी रेल्वे काढली ती काही आमच्यावर प्रेम म्हणून नाही, वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मँचेस्टरला न्यायचा होता. १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं तिला. पण ती गावागावात थांबायची. कापसासाठी थांबायची, तर माणसंही चढायची, बाया माहेरी जायच्या, पोट्टे शाळेत जायचे, तिकिटाचं म्हणाल तर ते ज्याच्या त्याच्या इमानदारीवर. कंपनीचा हेतू काही का असेना, थांबा होता म्हणून फायदा झाला. ती आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी रेल्वे मंजूर झाली २००८-०९ ला, आणि वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ यावा लागला. विमानाचं कौतुक करताना हा हिशोब डोळ्यासमोर असू द्यावा, एवढंच.

आता पैशाचं बोलू, कारण ह्यात फार लोकांची समजूत चुकीची आहे. छोट्या गावांना विमान मिळावं म्हणून केंद्राची उडान योजना आहे, तिच्यात काय होतं तर ठरावीक सीटांचं भाडं बांधून दिलेलं असतं, २०१७ ला सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार असं धरलं होतं, आणि त्यात कंपनीला जो तोटा येतो तो सरकार भरून देतं, तीन वर्षं. त्या पैशाचा मोठा भाग मोठ्या शहरांमधल्या विमानांवर बसवलेल्या आकारातून येतो, काही वाटा राज्याचा. शिवाय राज्यानं इंधनावरचा कर जवळजवळ शून्यावर आणायचा, पोलीस नि अग्निशमन फुकट द्यायचं. योजना वाईट नाही. पण तीन वर्षांनी काय? कॅगनं २०२३ मध्ये हिशोब मांडला: पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत, जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ नीच तीन वर्षं पूर्ण केली, आणि मार्च २०२३ ला त्यातले फक्त ५४ चालू होते. ७७४ पैकी ५४. शंभर बिया टोचल्या आणि सात उगवल्या तर आमच्याकडं माणूस बियाण्याच्या दुकानदाराची कॉलर धरतो. इथं मात्र पेरणीच्या दिवशीच हारतुरे होतात आणि उगवण मोजायला कोणी जात नाही.

एक गोष्ट अजून, थोडं बाजूला जाऊन सांगतो. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, ७५ च्या वरच्यांना त्याच्या आदल्या वर्षीच फुकट. त्यावर किती बोंबाबोंब झाली, रेवडी वाटून राहिले, एसटी बुडवून राहिले. माझी मोठी माय त्या अर्ध्या तिकिटावर अमरावतीला डोळे दाखवून येते. पण विमानातल्या सीटचा तोटा सरकार भरतं त्याला कोणी रेवडी म्हणत नाही, त्याला 'प्रादेशिक संपर्क' म्हणतात. दोन्ही अनुदानंच आहेत की. मला दोन्ही चालतात, फक्त नाव एकसारखं ठेवा.

आता वेळापत्रक. बेलोऱ्याहून सुरुवात झाली ती आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि वेळ दुपारची, म्हणजे मुंबईहून दुपारी निघून दुपार उलटता इथं आणि संध्याकाळच्या आत इथून परत. कागदावर छान दिसतं. त्या वेळापत्रकानं नेरचा एखादा माणूस धरा, त्याचं मंत्रालयात काम आहे. तो सोमवारी दुपारी उडाला, मुंबईला पोचला संध्याकाळी, ऑफिसं बंद. मंगळवारी काम केलं. परतीचं विमान बुधवारी. म्हणजे मुंबईत दोन रात्री, लॉजचा खर्च विमानाच्या तिकिटाच्या उरावर. तोच माणूस अमरावती एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघाला तर झोपेत मुंबई, सकाळी हजर, दिवसभर काम, रात्री परत गाडीत, लॉजच नको. विमान पावणेदोन तासात पोचवतं हे खरं, पण त्या पावणेदोन तासाच्या दोन्ही बाजूला एकेक दिवस वाया जात असेल तर त्याला वेग कोण म्हणेल? जोडीला समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, गाडीवाला माणूस आता सकाळी निघून संध्याकाळी मुंबईत असतो. म्हणजे विमानाची स्पर्धा रेल्वेच्या रात्रीशी आहे आणि समृद्धीच्या दिवसाशी आहे. सकाळी जाणं, रात्री येणं, रोज, हे झालं तरच ते टिकेल, आणि त्यासाठी रात्रीच्या उतरण्याची सोय आधी पाहिजे. दिवे लावण्याला खर्च येतो, पण मतं येत नाहीत, अडचण ती आहे.

संत्र्याचंही जरा बोलायलाच पाहिजे, कारण प्रत्येक भाषणात वरूड-मोर्शीचा संत्रा विमानात बसून परदेशी जातो. अरे बाबा, एटीआर ७२ हे विमान माणसं, बॅगा सगळं धरून साडेसात टनांच्या आसपास वजन उचलतं. माणसं भरली की उरतं किती? आणि आमच्याकडं संत्र्याचा एक ट्रक पंधरा-वीस टनांचा असतो. संत्रा हा वजनदार, स्वस्त माल, तो रस्त्यानं नि रेल्वेनंच जाणार, आणि त्याचं खरं दुखणं विमान नाहीच, बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं हे आहे, फळगळ आहे, प्रक्रिया उद्योग नाही हे आहे. संत्रा उत्पादकाला विमानाची स्वप्नं दाखवू नये, त्याच्यामागं काय कमी लागलंय.

त्यापेक्षा प्रशिक्षणाचं काम मला खरं वाटतं. एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था बेलोऱ्यात येणार म्हणून जाहीर झालं, ३४ विमानं, वर्षाला १८० वैमानिक असे आकडे. आमच्या गावचा पोट्टा वैमानिक होईल का? प्रामाणिकपणे सांगतो, त्या कोर्सची फी लाखांत, अनेक लाखांत असते, पाच एकरवाल्याचं ते काम नाही, एखाद्याला शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी. पण ३४ विमानं म्हणजे रोज नट आवळणारे हात लागतील, तेल बदलणारे, टायर पाहणारे, वायरिंग करणारे. अमरावतीत आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे. तिथं विमान देखभालीचा अभ्यासक्रम आणा आणि त्यात विमानतळासाठी जमीन गेलेल्या गावांतल्या पोट्ट्यांना काही जागा राखून ठेवा, ही मागणी करायला काय हरकत आहे? नाहीतर त्यांच्या वाट्याला गेटवरची सिक्युरिटीची शिट्टी येईल, ठेकेदाराकडून, बारा तासांची ड्यूटी.

मध्यंतरी पाहुण्याला सोडायला मीही बेलोऱ्याला गेलो. यवतमाळकडून येणारी गाडी पकडली, ती नांदगाव खंडेश्वरवरून येते आणि विमानतळाचा फाटा बडनेऱ्याच्या अलीकडंच लागतो. फाट्यावर उतरलो. पाहुण्याकडं चाकाची बॅग, बाजूच्या मुरमात चाकं रुतून राहिली, तो ती उचलून चालतोय, मी छत्री धरून मागून. उन्हात डांबर मऊ झालेलं. बघा ना, नेर, दारव्हा, दिग्रस, यवतमाळ, सगळ्यांच्या गाड्या ह्याच रोडनं जातात. नवा रस्ता नको, नवी बस नको. विमानाच्या दिवशी, विमानाच्या वेळेला धरून यवतमाळ, अचलपूर, दर्यापूरहून एकेक गाडी दारापर्यंत आत न्या, आणि एसटीच्या डेपोच्या फलकावर विमानाची वेळ लिहा. विमानाच्या एका फेरीवर जेवढं अनुदान जातं त्याच्यात ह्या गाड्या किती दिवस पळतील हा हिशोब कोणी डेपोच्या माणसाला विचारूनच पाहावा.

आणि विमान रद्द झालं तर काय, हेही ठरवून ठेवा. एका छोट्या विमानतळावर, नाव नाही सांगत, माझं विमान एकदा रद्द झालं. मेसेज आला तेव्हा आम्ही आत बसलेलो. मोठ्या शहरात असं झालं तर दुसरं विमान असतं, इथं दुसरं दोन दिवसांनी. बाहेर आलो तर एकही गाडी नाही, कारण गाडीवाले विमान उतरलं तरच येतात. एक नवरा-बायको होते, बाईच्या दवाखान्याची तारीख होती दुसऱ्या दिवशी, ते कोणाला तरी फोनवर फोन लावत होते. पैसे परत मिळाले सगळ्यांना, नियमानं मिळतातच. तारीख कोण परत देणार? छोट्या विमानतळावर रद्द झालेल्या विमानाबरोबर जवळच्या स्टेशनवर सोडणारी गाडी आणि त्या रात्रीच्या रेल्वेत काही जागा, एवढी अट अनुदानाच्या करारातच घालता येते. बडनेरा स्टेशन बेलोऱ्याच्या इतकं जवळ आहे की अमरावतीत तरी ही अट पाळायला काही अवघड नाही.

पाहुण्याला सोडून परत निघालो तर बाहेर एक ऑटोवाला. बडनेऱ्याचे किती म्हटलं, त्यानं सांगितलं ते ऐकून मी म्हटलं, काहून गा एवढे?

"भाऊ, येतानी खाली आलो ना. तुमच्यापाशी जाता-येताचे घेऊन राहिलो."

"मग रोज येत जा, लोकांना सवय लागेल."

"रोज कुठं इमान असते? तीन दिवस इमानाचे, बाकीचे दिवस बडनेऱ्याच्या स्टेशनवर उभा राहतो. तिथं पैसे कमी, पण गाडी रोज येते."

मी बसलो. रस्त्यात त्यानं विचारलं, तुम्ही गेले का कधी इमानात, कसं वाटते. मी सांगत होतो आणि तो मान हलवत होता, पण लक्ष त्याचं समोर फाट्यावर उभ्या असलेल्या दोन बायांकडं होतं, डोक्यावर गाठोडी होती त्यांच्या. त्यानं ऑटो थांबवला, मला म्हणाला सरका थोडं, आणि त्या दोघींना दहा-दहा रुपयांत घेतलं.